मदत हवी आहे: बोक्याची साखर आपोआप उतरतेय, इन्शुलिन थांबवायचं का?

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरजेपोटी लिहितेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमचा बाळ्या, वय ९, नसबंदी झालेला गावठी बोका, मुक्काम डोंबिवली. गेल्या वर्षी ७.२ किलो होता. मे महिन्याच्या शेवटी बाथरूममधल्या बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागला. खाणं दुप्पट आणि वजन मात्र उतरतंय. त्याच्या शूच्या ट्रेला मुंग्या लागल्या तेव्हा आई म्हणाली, "अगं, याला माझाच रोग झालाय." तिला स्वतःला अठरा वर्षं मधुमेह आहे. मी हसले. आठवड्याभरात तो मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून फेंगडा चालायला लागला, तेव्हा हसू आटलं.

तपासणीत साखर ४१२, लघवीतही भरपूर, कीटोन (इन्शुलिन फार कमी पडलं की लघवीत येणारे घातक घटक) नाहीत, वजन ६.१. ग्लार्जिन (दीर्घकाळ टिकणारं इन्शुलिन) सुरू झालं, बारा तासांनी १ युनिट, पुढे २. जुलै-ऑगस्टभर साखर २२० ते ३०० मध्ये रेंगाळत होती. घरी मीच मोजते, कानाच्या कडेला टोचून, आईच्याच ग्लुकोमीटरवर. (त्याला कान धरायची सवय लागायला तीन आठवडे आणि माझ्या मनगटावर बरेच ओरखडे लागले.)

गेले बारा दिवस मात्र आकडे घसरताहेत. सकाळी सुईआधी १४२, १२६, ११८, १०४. दुपारी दोनच्या सुमारास ८८, ७९, ७१. काल दुपारी ५८. बाळ्या पंख्याखाली आडवा होता, हाक मारल्यावर उठला, जेवला. थरथर नाही, झोकांड्या नाहीत. तरी माझे हातपाय गार पडले. काल रात्रीची सुई मी माझ्या जबाबदारीवर दिली नाही. आज सकाळी १३१ आले, तेव्हाही दिली नाही.

आमचे डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला आहेत. फोनवर क्लिनिकमधला मुलगा म्हणतो, "कागदावर २ लिहिलंय, चालू ठेवा."

मांजरांचा मधुमेह सुटतो असं वाचलंय. हे तेच आहे का? सुई एकदम बंद करायची की कमी करत न्यायची? आणि सुटला असं नक्की कधी म्हणायचं?

गुरांचा_डॉक्टर
ताई, मी पशुवैद्य आहे, पण तुमचा बोका मी पाहिलेला नाही, हे धरून वाचा.

सुई दिली नाहीत ते बरोबर केलंत. ५८ नंतर पुन्हा २ युनिट अजिबात नको. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात, त्यामुळे खरा आकडा थोडा वर असेल. पण त्या भरवशावर राहू नका. अख्खा दिवस सुई नसताना १३१ म्हणजे स्वादुपिंड स्वतः काहीतरी करतंय. सततच्या चढ्या साखरेने त्यातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी दमून गप्प बसतात. औताचा बैल सावलीत सोडला की तास-दोन तासांत मान वर करतो, तसं काही मांजरांत इन्शुलिनने साखर काही आठवडे आवरली की घडतं. सगळ्याच नाही घडत.

माझ्याकडचा बोका असता तर आज रात्री पुन्हा मोजलं असतं. १८० च्या वर गेली तर अर्धं युनिट, खाली असेल तर काही नाही. पण सोमवारपर्यंत थांबू नका, जवळच्या दुसऱ्या डॉक्टरांना आजच फोन करून हे आकडे वाचून दाखवा. घरात मध ठेवा. थरथरला, तोल गेला, नजर शून्यात लागली तर हिरड्यांना चोळायचा आणि तडक दवाखाना. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल.

आता दोन प्रश्न. एक, मार्चपासून आजवर त्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं होतं का? दोन, खाण्यात काय बदललं? बारा दिवसांत साखर अशी घसरते तेव्हा काहीतरी कारण असतं.

निसर्गमित्र
इन्शुलिनची एकदा सवय लागली की सुटत नाही. कारल्याचा रस, रोज सकाळी चमचाभर. आमच्या काकांची साखर त्याने आटोक्यात आली.

धागाकर्ती
@निसर्गमित्र, बाळ्याला चमचाभर कारल्याचा रस पाजून दाखवा, मी चित्रफीत काढते.

@गुरांचा_डॉक्टर, तुमच्या दोन्ही प्रश्नांनी घरात स्फोट झालाय.

स्टेरॉइड: हो! मार्च आणि एप्रिलमध्ये खाजेसाठी दुसऱ्या एका दवाखान्यात "महिनाभर टिकणारं" इंजेक्शन दिलं होतं. फाईल काढून नाव पाहिलं, स्टेरॉइडच आहे. मधुमेहाच्या तपासणीवेळी ते सांगायचं मला सुचलंच नाही.

खाणं: मी जूनपासून कोरडं खाणं बंद करून उकडलेली कोंबडी आणि पाऊचमधलं ओलं खाणं देतेय. आज आईला सरळ विचारलं. ती म्हणाली, "मी दुपारी थोडा दूध-भात द्यायचे. तू ऑफिसला गेल्यावर. त्याच्याकडे बघवत नव्हतं." गौरी-गणपतीनंतर फॉलोअपला ती बरोबर आली होती. डॉक्टर भाताबद्दल बोलले ते तिने ऐकलं आणि त्या दिवसापासून बंद केलं. मी तीन महिने कंठशोष करत होते त्याचा उपयोग शून्य. तारीख मोजली, तेरा दिवस.

गुरांचा_डॉक्टर
मग कोडं सुटलं. २ युनिट ज्या दूध-भातावर बसवलं होतं तो भातच गेला आणि डोस तिथेच राहिला. मांजराच्या यकृतात पिठाळ खाण्याची साखर चटकन आत ओढणारं विकर फारच कमी असतं, त्यामुळे भात त्याला आपल्यापेक्षा जास्त भोवतो. पथ्य बदललं की डोसही बदलायला हवा. आईंवर रागावू नका. लपवणं वाईट झालं, थांबवणं चांगलं झालं.

स्टेरॉइडने उठलेला मधुमेह, त्याचा असर ओसरल्यावर, सुटण्याची शक्यता बरी असते. वेळेचंही महत्त्व आहे. ग्लार्जिनवरच्या २००९ च्या एका अभ्यासात (रूम्प आणि रँड) निदानानंतर सहा महिन्यांच्या आत काटेकोर नियंत्रण सुरू केलेल्या मांजरांपैकी ८४ टक्क्यांचं इन्शुलिन सुटलं, उशिरा सुरू केलेल्यांत ३५ टक्क्यांचं. अर्थात ते मालक दिवसातून अनेकदा साखर मोजणारे होते. तुम्हीही त्यातल्याच दिसता.

उतरवण्याची माझी पद्धत: अर्धं युनिट दोनदा, मग एकदा, मग बंद. प्रत्येक पायरीवर काही दिवस. बंद केल्यावर दोन आठवडे रोज मोजायचं, पुढे आठवड्यातून एकदा. सुईशिवाय सलग चार आठवडे साखर ठीक राहिली तरच "सुटला" म्हणायचं, त्याबरोबर फ्रुक्टोसामाइनची (गेल्या दोन-तीन आठवड्यांतली सरासरी साखर सांगणारी) रक्ततपासणी करून घ्यायची. दवाखान्यातल्या एका आकड्यावर जाऊ नका, घाबरलेल्या मांजराची साखर तिथे तीनशेलाही जाते. घरी लागोपाठ दोन-तीन दिवस २०० च्या वर दिसली तर वाट न पाहता पुन्हा सुई. खाणं सोडलं, उलट्या झाल्या, मलूल पडला तर लघवीत कीटोनची पट्टी आणि दवाखाना.

दात तपासून घ्या, किडलेली दाढ साखर चढवते. आणि सध्या पुन्हा स्टेरॉइड नको, खाज कितीही सुटली तरी.

तपकिरी_मनी
आमची मनी १४ महिने सुईशिवाय होती, मग हिरड्या सुजल्या आणि साखर परत आली. पुन्हा सुई, पुन्हा सुटली. दुसऱ्यांदा मी कोणाला पेढे वाटले नाहीत.

कोणी गोळीचं सुचवायच्या आत सांगते. मी न्यू जर्सीत असते. इथे डिसेंबर २०२२ मध्ये मांजरांच्या मधुमेहासाठी बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी मंजूर झाली, पण आधी इन्शुलिन घेतलेल्या मांजराला ती द्यायची नाही असं तिच्या माहितीपत्रकातच आहे. बाळ्यासाठी नाही.

अर्धं युनिट कसं मोजणार आहात? ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणांची सिरिंज मिळते का बघा. ग्लार्जिनमध्ये पाणी किंवा सलाइन घालून पातळ करू नका, बिघडतं.

धागाकर्ती
सिरिंजवरून आठवलं. आईचं इन्शुलिन ४० वालं (एका मिलीत ४० युनिट), लाल टोपणाच्या सिरिंजचं. बाळ्याचं ग्लार्जिन १०० वालं (एका मिलीत १०० युनिट), त्याच्या सिरिंजला नारंगी टोपण. जूनमध्ये केमिस्टने मला लालच पाकीट दिलं होतं. आईने टोपण बघून ओरडून थांबवलं. त्या सिरिंजने १ ची खूण म्हणजे अडीच युनिट गेलं असतं. दूध-भाताचा हिशोब मी इथेच मिटवते.

धागाकर्ती (२३ दिवसांनी)
अपडेट. त्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी फोनवर हेच सांगितलं, सोमवारी आमच्यांनीही. मागची एक दाढ खरंच किडली होती, ती काढली. अर्धं युनिट दोनदा, मग रात्रीचं बंद, आणि गेले पाच दिवस सुई नाही. आकडे १०८, ९९, ११७, १२१, ११२. वजन ५.८ वर थांबलंय. मागचे पाय अजून थोडे फेंगडे आहेत, पण काल ओट्यावर उडी मारून बोंबील पळवला.

चार आठवड्यांना अजून तेवीस दिवस आहेत. कॅलेंडरवर आईने खुणा करायला घेतल्यात. उरलेल्या सिरिंज फेकल्या नाहीत, तिच्या सिरिंजपासून दूर वेगळ्या डब्यात ठेवल्यात, नारंगी टोपणं वर दिसतील अशा.