मदत हवी आहे : वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट एकाच आलेखात कसे आणायचे?

नमस्कार मंडळी,

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी एका छोट्या दवाखान्याची संगणकीय नोंदप्रणाली बसवतोय. डॉक्टरांची मागणी साधी आहे: रुग्णाच्या रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करेनासं झालं की वाढणारा टाकाऊ पदार्थ) गेल्या काही वर्षांत कसं चढत गेलं, ते एका नजरेत दिसावं. एकटा आकडा फारसं सांगत नाही, चढ सांगतो.

अडचण अशी की रिपोर्ट चार ठिकाणांहून येतात, बहुतेक पीडीएफ. कुणी 'सीरम क्रिएटिनिन' लिहितं, कुणी नुसतं 'क्रिएट'. त्यात एककं वेगळी. १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच सुमारे १०६ मायक्रोमोल प्रति लिटर. पण एकक न बघता दोन्ही एका रेषेवर टाकले, तर चांगला माणूस डायलिसिसच्या दारात उभा दिसेल! ही भीती मला खरोखर सतावते.

लॉइंकमध्ये (लॅब चाचण्यांना ठरावीक कोड देणारी प्रमाण यादी) या दोन एककांसाठी कोडही वेगळे आहेत, २१६०-० आणि १४६८२-९. मूळ आकडा आणि एकक जसंच्या तसं जपून, मायक्रोमोलमधला आकडा ८८.४ ने भागून मिलिग्रॅममध्ये आणावा आणि तो फक्त आलेखासाठी वापरावा, असं माझं मत. बरोबर आहे ना?

आणि पीडीएफमधून आकडे आपोआप उचलताना दशांशचिन्ह हरवलं तर ते पकडायचं कसं? प्रत्येक आकडा माणसानेच तपासायचा की मागच्या रिपोर्टपेक्षा फार वेगळा असेल तेवढाच? लॅबकडून थेट एचएल-सेव्हन किंवा फायर या (आरोग्य-डेटाच्या देवाणघेवाणीसाठी ठरलेल्या) स्वरूपात डेटा घेणाऱ्यांनी अनुभव जरूर लिहा.