मदत हवी आहे: काउंटी जेलमधल्या वर्गासाठी निधी कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात राहते. दोन वर्षांपासून दर मंगळवारी इथल्या काउंटी जेलमध्ये, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या तुरुंगात, जीईडीचं, म्हणजे बारावीच्या तोडीच्या परीक्षेचं, गणित शिकवायला जाते. आता या वर्गाचं अनुदान संपत आलंय आणि पुढची काहीच सोय नाही.

वर्गात बोटभर लांबीच्या, खोडरबर नसलेल्या पेन्सिली मिळतात. गेल्या आठवड्यात चाळिशीतल्या एकाने अपूर्णांकांची बेरीज पहिल्यांदाच बरोबर सोडवली आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला. त्याची परीक्षा अजून व्हायची आहे हो, म्हणून जीव तुटतो.

आजवर कळलंय ते असं: २०११ च्या एबी १०९ कायद्यानंतर कमी गंभीर गुन्ह्यांतले बरेच कैदी राज्याच्या तुरुंगाऐवजी काउंटी जेलमध्येच शिक्षा भोगतात. त्यासाठी राज्य काउंटीला पैसे देतं, आणि ते कसे वापरायचे याचा आराखडा काउंटीच्या प्रोबेशन प्रमुखांच्या (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांचं खातं सांभाळणाऱ्यांच्या) अध्यक्षतेखालची समिती करते. शिवाय जेल चालवणाऱ्या शेरीफकडे, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाकडे, कैदी कल्याण निधी असतो. त्यात जेलमधल्या दुकानाचा नफा जमा होतो, म्हणजे बहुतेक घरच्यांनी पाठवलेलेच पैसे. ते आधी शिकवण्यावर खर्च व्हावेत असं मला मनापासून वाटतं.

या समितीपुढे कुणी मागणी मांडली आहे का? कुणाला भेटायचं, काय कागद न्यायचे? सुटणाऱ्या कैद्यांना पुन्हा उभं राहायला मदत करणाऱ्या २००८ च्या सेकंड चान्स कायद्याखालचं केंद्राचं अनुदान आमच्यासारख्या छोट्या गटाला झेपेल का? अर्ज लिहिताना कुणी सोबत बसलं तर फार आधार होईल. संध्याकाळी कधीही बोलू शकते.