नागरिकाने केलेली अटक हा खुनाच्या खटल्यात बचाव ठरू शकतो का?

सनदशीर:
अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २३ फेब्रुवारी २०२० रोजी अहमूद आर्बरी या निःशस्त्र तरुणाचा तिघांनी दोन गाड्यांतून पाठलाग केला आणि त्यांच्यापैकी एकाने त्याला गोळ्या घातल्या. आपण चोरीच्या संशयावरून नागरिक या नात्याने अटक करू पाहत होतो, असा बचाव त्यांनी १८६३ मधील कायद्याच्या आधारे घेतला. माझ्या मते असा बचाव न्यायालयाने ऐकूनच घेऊ नये. अटक म्हणजे माणसाला पोलिसांच्या हवाली करणे. प्रेत पडल्यावर पाठलागाला अटकेचे नाव देणे ही निव्वळ पश्चातबुद्धी होय.

तळटीप:
आपला संताप समजतो, निष्कर्ष पटत नाही. बचाव ऐकला गेला म्हणूनच तो उघडा पडला. पोलिसांना दिलेल्या जबाबांत अशा अटकेचा उल्लेखच नव्हता, हा मुद्दा सरकारी वकिलांनी लावून धरला आणि २४ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्यूरीने तिघांनाही खुनाबद्दल दोषी ठरवले. शिवाय प्रामाणिकपणे धावून जाणाऱ्याचे काय? इंग्लंडमधील १९९२ च्या सेल्फ खटल्यात चॉकलेट चोरल्याच्या संशयावरून दुकानाबाहेर एकाला पकडण्यात आले. चोरीच्या आरोपातून तो सुटला, आणि मुळात गुन्हाच घडला नसल्याने अटक बेकायदा ठरून, अटक टाळण्यासाठी केलेल्या मारहाणीबद्दलची त्याची दोषसिद्धीही अपील न्यायालयाने रद्द केली. पकडणाऱ्यांचा समज वाजवी होता की नाही, याला तेथे किंमतच उरली नाही. एवढी जोखीम घेऊन कोण पुढे येईल?

सनदशीर:
सेल्फ खटला तर माझ्याच बाजूचा आहे. समज चुकला तर भुर्दंड पकडणाऱ्याने सोसावा. ज्याने काहीच केले नाही, त्याने का सोसावा? मात्र ‘ऐकूनच घेऊ नये’ हे मी घाईने लिहिले, ते मागे घेतो.

साक्षेपी:
भारतातील फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० येथे उपयोगी पडेल. अजामीनपात्र आणि दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा आपल्यासमोर घडला असेल, किंवा समोरची व्यक्ती उद्घोषित अपराधी, म्हणजे न्यायालयाने फरार म्हणून जाहीर केलेली असेल, तरच खासगी व्यक्तीला अटक करता येते, आणि तिला सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावे लागते. त्याच संहितेनुसार, मृत्युदंड किंवा आजन्म कारावासास पात्र अशा गुन्ह्याचा आरोप नसलेल्या व्यक्तीचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार अटकेच्या तरतुदींतून मिळत नाही. म्हणजे साध्या चोरीच्या संशयावरून जीव घेणाऱ्याला अटकेचा आडोसा तेथेच संपतो.

तळटीप:
मान्य. माझा आक्षेप आता मृत्यू न घडलेल्या, केवळ चुकून धरपकड झालेल्या प्रकरणांपुरता उरतो.