अनुभव धागा : वैशाखातल्या उन्हात कॅमेरा घेऊन

एप्रिल लागला की माझ्या ओळखीतले बरेच हौशी छायाचित्रकार कॅमेरा कपाटात ठेवतात, तो थेट पहिल्या पावसाला बाहेर काढतात. मला मात्र हेच दोन महिने प्रिय आहेत. धुकं नाही, हिरवाई नाही. ऊन आणि सावली यांच्यामध्ये जिथे रेघ पडते तिथे चित्र शोधायचं.

गेल्या वर्षी मे महिन्यात सलग चार शनिवार पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीत गेलो. पहिल्या शनिवारी कॅमेरा पिशवीतच ठेवला, नुसते ठोके ऐकले. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने खळगे उठवायचे, याला मठारकाम म्हणतात. दारातून आलेली उन्हाची तिरीप त्या भांड्यावर पडली की खळग्याखळग्यात ठिणगी दिसते. पण कॅमेरा अंधारी खोली पाहून उजेड वाढवतो आणि तांबं पांढरंफटक होतं. मी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) दोन स्टॉप खाली, म्हणजे चौथ्या हिश्शावर आणलं, खोली काळी राहू दिली, तेव्हा कुठे तांब्याचा रंग उतरला. चौथ्या शनिवारी कारागीर स्वतःच म्हणाले, ‘‘इथं बसा, ऊन इकडून येतं.’’ त्यांच्या रोजच्या उजेडाची त्यांना जितकी जाण, तितकी मला कुठून असणार?

तुम्हीही लिहा. शहरातली पायपीट असो की एका मुक्कामाची सहल. कॅमेरा कोणता, याला महत्त्व नाही. फसलेले प्रयत्नही हवेत.

* * *

माझा फसलेलाच आहे. बोरिवलीहून एसी लोकलने चर्चगेटला उतरले, पाच मिनिटांत ओव्हल मैदान गाठलं आणि पहिले वीस फोटो धुरकट आले. कॅमेरा गाडीत गार झालेला, बाहेर मुंबईची दमट हवा. भिंगावर बाष्प धरलं होतं. पुसलं तरी पुन्हा धरायचं. आता उतरल्यावर वीसेक मिनिटं कॅमेरा पिशवीत तसाच बंद ठेवते, तोवर लिंबू सरबत.

ओव्हलची एक गंमत त्या दिवशी कळली. मैदानाच्या पश्चिमेला आर्ट डेको, म्हणजे 1930-40 च्या सुमाराच्या शैलीतल्या इमारतींची रांग, पूर्वेला टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतले दगडी उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. दोन्ही मिळून 2018 पासून जागतिक वारसा आहेत. सकाळचं ऊन समोरून डेको इमारतींवर येतं, संध्याकाळचं गॉथिक दगडांवर. म्हणजे एकाच जागी उभं राहून फक्त पाठ फिरवायची! डेको इमारतींच्या खिडक्यांवर लांबलचक छज्जे आहेत, ऊनपाऊस अडवायला केलेले. साडेनऊ-दहाला त्यांच्या सावल्या भिंतीवर आडव्या उतरतात. फोटोसाठी ही वेळ वाईट असं सगळे सांगतात. या इमारतींसाठी तीच उत्तम.

* * *

कोल्हापूर. 6-7 मेच्या सुमारास आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर. गल्लीतल्या पोरांना घेऊन गच्चीवर गेलो. पितळी तांब्या, शाईची दौत, क्रिकेटचा स्टंप असं सगळं मांडलं. स्टंपची सावली सरकत सरकत बुंध्यात नाहीशी झाली. मी दर मिनिटाला एक असे तीस फोटो घेतले. पोरांनी ते मोबाइलवर भराभर सरकवून सावली गिळली जाताना पुन्हा पुन्हा पाहिली.

त्यानंतरचं कुणी फारसं सांगत नाही म्हणून लिहितो. त्या दिवसापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. वर्षभर ज्या उत्तरेकडच्या भिंतींवर दुपारचं ऊन नसतं, त्यांच्यावर ते मे महिन्यात तिरकं घासत येतं. जुन्या वाड्याची अशी भिंत बघा. पोपडे, खिळे, चुन्यातले बोटांचे ठसे, सगळं उठून दिसतं. पुढे पावसाचे ढग आले की संधी गेली.

* * *

नागपूरकरांचं दुःख वेगळं. पारा 45 ला, सीताबर्डीत दुपारी फोन काढला तर ‘तापमान जास्त’ म्हणून कॅमेराच बंद. फोन पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळा, सावलीत ठेवा. गार व्हावा म्हणून फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, आत ओल धरते.

सिग्नलवर सावलीसाठी हिरव्या जाळ्या बांधतात. त्यांच्याखाली थांबलेल्या माणसांचे चेहरे हिरवे येतात. आधी मी तो रंग काढून टाकायचो. आता राहू देतो, कारण ती सावली हिरवीच होती.

* * *

काजव्यांबद्दल लिहायलाच हवं. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडीकडे झाडं लखलखतात. मी गेले त्या रात्री रस्त्यावर गाड्यांचे दिवे, हातात बॅटऱ्या, गवतात पाय. काजव्यांचा तो उजेड म्हणजे नर-मादीचं बोलणं आहे. माद्या बऱ्याचदा खाली गवतात, झुडपात बसून उत्तर देतात. आपण उजेड पाडला की ते बोलणं तुटतं, पाय टाकला की उत्तर देणारीच जाते. मला फार वाईट वाटलं, कॅमेऱ्याची तिवई न उघडता परतले.

पुढच्या वर्षी गावातल्या वाटाड्याबरोबर, गर्दीपासून लांब, पायवाट न सोडता एकाच जागी दोन तास बसले. वीस-वीस सेकंदांचे चाळीस फोटो घेतले आणि एकावर एक चढवले. कृपा करून असा फोटो दाखवताना तो चाळिसांचा मिळून एक आहे हे खाली लिहा. नाहीतर लोक तेवढा लखलखाट शोधत येतात आणि बॅटऱ्या लावतात.

* * *

वाईजवळ मेणवलीचा घाट. नाना फडणविसांचा वाडा, खाली कृष्णा, आणि घाटावरच्या छोट्या दगडी देवळात टांगलेली ती मोठी घंटा. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्या 1739 च्या मोहिमेनंतर आलेली, मूळ चर्चमधली. मी घंटेसाठीच गेलो होतो. दहा वाजता आतला काळोख आणि बाहेरचं ऊन यांचा मेळ काही केल्या बसेना, म्हणून पायऱ्यांवर बसलो.

खाली एक आजी गोधड्या धूत होत्या. पावसाआधीची धुणी. ओली गोधडी पायऱ्यांवर पसरली आणि सगळा घाट रंगीत झाला. मी लांबून फोटो काढला. आजींनी पाहिलं.

‘‘इचारलं असतंस तर पदर तरी नीट घेतला असता की रं.’’

माफी मागितली, पदर घेतल्यावर दुसरा काढला. पंधरा दिवसांनी छापून घेऊन गेलो. आजींनी स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. बोट थेट गोधडीवर. ‘‘हे माज्या सासूचं लुगडं. हे लेकीचं परकर-पोलकं. आन् हा तांबडा तुकडा, ह्यो ह्यांच्या फेट्याचा.’’ मग फोटो उलटा-पालटा करून म्हणाल्या, ‘‘आनखी एक काडून आन. लेकीला मुंबैला धाडते.’’

येत्या रविवारी तो द्यायला जातोय.