सैतानाला 'बांधायची' प्रार्थना ओरडूनच करायची असते का?

थकलेली_सून:
जय ख्रिस्त सगळ्यांना. विचारू की नको असं दोन आठवडे चाललं होतं, शेवटी आज मुलगा झोपल्यावर टाईप करतेय. ह्यांना चार महिने रात्रीची झोप नाही, छातीत धडधडतं, खाली गेट वाजलं तरी दचकून उठतात. आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या एक ताई म्हणाल्या हे आत्मिक युद्ध आहे, रोज रात्री बाराला उठून सैतानाला जोरात, अधिकाराने बांधा, म्हणजे येशूच्या नावाने हुकूम देऊन त्याला रोखा. दहा दिवस बांधला. शेजारच्यांनी वॉचमनला पाठवलं, मुलगा घाबरून रडायला लागला आणि ह्यांची होती नव्हती ती झोपही गेली. ताईंना सांगितलं तर म्हणे तुझा विश्वास कमी पडतोय. सासूबाई मात्र त्याच वेळी ह्यांच्या उशाशी येऊन बसतात, कपाळावर हात आणि नुसते ओठ हलत असतात. इफिसकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात प्रार्थना हे शस्त्र सांगितलंय ना, मग ते चालवायचं कसं? डोक्याचा पार भुगा झालाय.

रविवारची_शाळा:
ताई, तो अध्याय बोटावर मोजत वाचा. कमरपट्टा, उरस्त्राण, पायातले जोडे, ढाल, शिरस्त्राण, तलवार, झाले सहा. मग १८व्या वचनात प्रार्थना येते आणि तिच्यासाठी पौल, म्हणजे ते पत्र लिहिणारा प्रेषित, कुठलंच हत्यार सांगत नाही. मी दरवर्षी पोरांकडून पुठ्ठ्याची ढाल-तलवार करून घेतो, एका वर्षी एका मुलीने विचारलं, सर प्रार्थनेचं काय कापायचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं, घरी येऊन पुस्तकं काढली. ग्रीकमध्ये तिथे वाक्य तुटतच नाही, 'प्रार्थना करत करत' असं ते मागच्याच वाक्याला धरून येतं, म्हणजे पट्टा बांधताना प्रार्थना, ढाल उचलताना प्रार्थना. आणि सारखं सांगितलंय काय, तर उभे राहा, टिकून राहा. अंगावर धावून जा असं नाही हं.
अजून एक. ढालीसाठीचा तिथला ग्रीक शब्द 'दार' या शब्दावरून आलाय, रोमन शिपायाची ती दाराएवढी ढाल, ते एकमेकांना खेटून उभे राहायचे आणि ढालींची भिंत व्हायची. तुम्हाला एकटीला बाराला उठवून लढायला लावणं हे माझ्या मते त्या चित्रातच बसत नाही. पौल स्वतः बेड्यांत बसून हे लिहितोय, आणि माझ्यासाठीही प्रार्थना करा म्हणतो, पण बेड्या तुटू देत असं मागत नाही, तोंड उघडायचं धैर्य मागतो.

वसईची_पोर:
आम्ही कॅथलिक, तरी लिहिते. माझी आजी रोझरीची जपमाळ झाली की संत मायकलची प्रार्थना म्हणते, पोप लिओ तेरावे यांनी १८८६ मध्ये मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, म्हणायला लावलेली, १९६०च्या दशकात ती सक्ती गेली पण आजीला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. त्यात देवाने सैतानाला धमकवावं अशी विनंती आहे. यहूदाच्या पत्रात तर खुद्द मिखाएलही, म्हणजे हाच देवदूत मायकल, सैतानाला 'प्रभू तुला धमकावो' एवढंच म्हणतो, आपण कोण मग. आणि आमच्याकडे भूत काढायचा विधी बिशपच्या परवानगीशिवाय कुठल्याच फादरला करता येत नाही, आधी आजार नाही ना ते बघायचं असतं.

उपवास_शुक्रवार:
मला हे सगळं नाही पटत. फिलिप्पै गावात पौलाने एका मुलीतल्या दुष्ट आत्म्याला येशूच्या नावाने आज्ञाच केली ना, प्रेषितांची कृत्ये १६ वाचा. आणि दानीएल १० मध्ये पारसाच्या अधिपतीने, म्हणजे त्या देशावरच्या दुष्ट शक्तीने, दानीएलाच्या प्रार्थनेचं उत्तर २१ दिवस अडवून धरलं होतं. युद्ध खरं आहे, उगाच मवाळ करू नका.

रविवारची_शाळा:
दादा, युद्ध खोटं कोण म्हणतंय? पण दानीएलाला त्या २१ दिवसांत वर लढाई चाललीये हे माहीतच नव्हतं. तो शोक करत होता, मांस नाही, द्राक्षारस नाही, नुसतं देवाकडे तोंड. देवाने त्याचं ऐकलं पहिल्याच दिवशी, लढले ते देवदूत. फिलिप्पैतही पौलाने पुष्कळ दिवस काढले आणि मग एक वाक्य बोलला. त्याच गावात मध्यरात्री तुरुंगात खोड्यात पाय अडकलेले असताना तो आणि त्याचा सोबती सीला प्रार्थना करत गात होते. बाराची वेळ हवीच असेल तर ती धरा.

नाइट_ड्युटी:
नर्स आहे, एकच विचारते, थायरॉईड, बीपी, ईसीजी काही केलंय का? धडधड, झोप नाही, दचकणं यावर उपचार असतात हो. कोणी आधीची गोळी बंद करायला लावली असेल तर आजच डॉक्टरला फोन करा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. आणि पंडिता रमाबाईंकडे बघा, १९०५ला त्यांच्या केडगावच्या मुक्ती आश्रमात प्रार्थनेनं केवढं जागरण झालं, पण त्याच बाईंनी दुष्काळातल्या पोरी आणून त्यांना जेवू घातलं, विहिरी खणून घेतल्या. नुसत्या प्रार्थनेत बसून नाही राहिल्या. आणि ते विश्वास कमी वगैरे सोडा, मार्क ९ मधला बापच येशूला म्हणतो की माझा अविश्वास घालवून टाका, आणि त्याचा मुलगा बरा होतो.

थकलेली_सून:
सगळ्यांचे आभार, उपवासवाल्या दादांचेपण. काल रक्त दिलं, रिपोर्ट सोमवारी. डॉक्टरांनी विचारल्यावर हे पहिल्यांदा बोलले की ऑफिसात माणसं कमी करतायत, यादीत नाव आहे. चार महिने एकटेच घेऊन बसले होते, आणि मी शेजारी बसून सैतानावर ओरडत होते.
रात्री सवयीने बाराला जाग आलीच, सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्या काय पुटपुटतात ते पहिल्यांदा नीट ऐकलं. साधी प्रभूची प्रार्थना. 'वाइटापासून सोडव' आलं की थांबतात, ह्यांचं घरातलं नाव घेतात, मग परत पहिल्यापासून. मीपण म्हटली. साडेतीनला हे घोरायला लागले.