शब्दचर्चा : ‘सिम्युलेशन’ म्हणजे आभासी का?

प्रश्न : एका तांत्रिक लेखाचं भाषांतर करतोय. ‘संयुक्त जडत्वीय-खगोलीय दिशादर्शन प्रणालीची भूस्थित आभासी चाचणी’ असं शीर्षक दिलंय, मूळच्या ‘सिम्युलेशन’साठी ‘आभासी’ घेतलंय. वाचताना मलाच धाप लागते. काही सुचवाल?

उत्तर : धापेचं नंतर बघू, आधी ‘आभासी चाचणी’ काढा. चाचणी खरीच असते, आकाश तेवढं खोटं असतं. तीन अक्षांवर फिरणाऱ्या टेबलावर जायरोस्कोप बसवतात, म्हणजे प्रणालीतला वळणं मोजणारा जडत्वीय भाग. टेबल खरंच फिरतं आणि जायरोला ते खरंच कळतं. टेबल थांबवलं तरी पृथ्वी तासाला सुमारे १५ अंश फिरतच असते, चांगला जायरो तेही टिपतो. सोंग असतं ते ताऱ्याचं. बारीक छिद्र, मागे दिवा, पुढे भिंग. छिद्र बरोबर भिंगाच्या नाभीवर आलं की किरण समांतर बाहेर पडतात आणि स्टार सेन्सरला, म्हणजे तारे टिपणाऱ्या कॅमेऱ्याला, तो दिवा अनंत अंतरावरचा वाटतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात ना, तसं या टेबलावर सरळ रेषेतल्या प्रदीर्घ त्वरणाचं सोंग आणता येत नाही. म्हणून त्वरणाचे आकडे गणिताने काढून थेट संगणकाला पुरवतात. आभासी म्हणायचंच तर एवढ्याच भागाला म्हणा.

प्रश्नकर्ता : मग ‘सदृशीकरण’? की सरळ ‘नक्कल’?

उत्तर : ‘सदृशीकरण’ अर्थाला नेमका, पण जिभेला जड. मी ‘कृत्रिम आकाशाखाली चाचणी’ लिहीन. ‘नक्कल’मध्ये कॉपीचा वास येतो.

दुसरं उत्तर : माझा आक्षेप ‘दिशादर्शन’वर आहे. दिशा होकायंत्रही दाखवतं. इथे जागा, वेग आणि यानाचा कल, तिन्ही हवेत. ‘मार्गनिर्देशन’ बरं. ‘संयुक्त’ही फसवा, दोन यंत्रणा शेजारी मांडल्यासारखं वाटतं. जायरो हळूहळू वाहवत जातो, चूक साठत राहते. ताऱ्याच्या वेधात ती तशी साठत नाही, म्हणून तारा जायरोला ताळ्यावर आणतो. अपोलो यानांतले अंतराळवीर सेक्स्टंटमधून, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीतून, तारे पाहून हेच करत. ‘खगोलीय’ मात्र राहू द्या, वेध सूर्याचाही घेतात.

प्रश्नकर्ता : ‘ताऱ्यांच्या वेधाने सुधारलेलं जडत्वीय मार्गनिर्देशन : कृत्रिम आकाशाखालची चाचणी’. चालेल?

उत्तर : पळेल. ‘भूस्थित’ गेला तेही बरं झालं. फक्त आत्ताच म्हटलंय, सूर्यही असतो. ‘ताऱ्यांच्या’ काढून नुसतं ‘खगोलीय वेधाने’ करा.