मगरीच्या पिल्लांच्या हाकेला भाषा का म्हणू नये?

प्रश्न : दांडियाबाजारचा वाचक

विश्वामित्री नदीत मगरी आहेत, हे वडोदरेकरांना नव्याने सांगायला नको. मगरीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वीच आवाज काढू लागतात आणि तो ऐकून मादी घरटे उकरते, यावरून आमच्या वाचनमंडळात वाद झाला. माझे म्हणणे असे की, येथे आवाज काढणारा आहे, ऐकणारा आहे, अर्थ पोहोचतो आहे आणि त्यानुसार कृतीही घडते आहे. मग याला भाषा न म्हणण्यामागे माणसाच्या अहंकाराखेरीज दुसरे कोणते कारण आहे? भाषा आणि संप्रेषण, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे अर्थ पोहोचवणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच सांगून एका ज्येष्ठ सदस्यांनी विषय मिटवला. त्या निराळ्या का मानायच्या, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : भाषाशिक्षिका, वाडी

आपण जे वर्णन केले आहे, ते संप्रेषणाचे अचूक वर्णन आहे. परंतु भाषेचे वर्णन त्याने पुरे होत नाही. मगरीच्या पिल्लाची हाक शिकावी लागत नाही, आणि ती लहान-लहान भागांत मोडून त्या भागांची नवी जुळणी करून दुसरे काही सांगताही येत नाही.

मगरीपेक्षा मधमाशीचे उदाहरण अधिक अवघड आहे. कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, त्यांच्या संशोधनातून हे उलगडले की पोळ्याच्या उभ्या पृष्ठभागावर माशी अंग हलवत ज्या रेषेत चालते, त्या रेषेचा उभ्या दिशेशी होणारा कोन सूर्याच्या संदर्भात अन्नाची दिशा दाखवतो आणि ती चाल जितका वेळ टिकते, त्यावरून अंतर कळते. म्हणजे जे डोळ्यांसमोर नाही त्याविषयी सांगणे, हे भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली मांडलेल्या भाषेच्या लक्षणांपैकी एक लक्षण माशीकडेही आहे. मात्र अन्न उंच मनोऱ्यावर ठेवले तेव्हा ते पाहून आलेल्या माश्यांना ‘वर’ एवढे सांगता आले नाही आणि त्यांच्या सोबतिणी मनोऱ्याच्या पायथ्याशीच शोधत राहिल्या. ‘काल तेथे फुले होती, आज नाहीत’ हे सांगण्याची, किंवा साधा प्रश्न विचारण्याची सोय त्या नृत्यात नाही.

भाषेचे खरे वेगळेपण मला तिच्या रचनेत दिसते. ‘मी आंबा काल मावशीकडे पोळीबरोबर खाल्ला’ या वाक्यात क्रियापदाच्या सर्वांत जवळचे नाम पोळी आहे, तरीही ‘खाल्ला’ हे रूप दूरच्या आंब्याकडे पाहून ठरते. आपल्या घरांतली मुले शाळेत आणि अंगणात दिवसभर गुजराती बोलतात, कित्येकदा एकाच वाक्यात दोन्ही भाषा मिसळतात, पण जवळ पोळी आहे म्हणून ‘खाल्ली’ म्हणणारे मूल मला भेटलेले नाही. शब्दांची रांग कानांवर पडते. तिच्या आत कोणता शब्द कोणाशी बांधलेला आहे, ती बांधणी मात्र मूल स्वतः उभारते.

निम या चिंपांझीला हातांच्या खुणा शिकवण्यात आल्या होत्या. हर्बर्ट टेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार त्याचे सर्वांत लांब ‘वाक्य’ १६ खुणांचे होते, पण त्यात दे, संत्रे, मी, खा, तू याच खुणा पुनःपुन्हा येत राहिल्या. त्याला संत्रे हवे आहे, हे निःसंशय कळत होते. संप्रेषण पूर्ण झाले होते, वाक्य मात्र झाले नव्हते.

आणि भाषा केवळ संप्रेषणासाठीच घडली असती, तर ‘मी त्याला जिना उतरताना पाहिले’ अशी वाक्ये तिने ठेवली असती काय? जिना कोण उतरत होते, हे या वाक्यावरून कळत नाही. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की भाषेला मुख्यतः विचाराचे साधन मानतात, ते मला याच कारणाने पटते.

प्रतिसाद : समा येथील वाचक

शिक्षिकाबाईंचे रचनेविषयीचे विवेचन मान्य आहे, शेवटचा निष्कर्ष मान्य नाही. एव्हेलिना फेडोरेंको, स्टीव्हन पियांटाडोसी आणि एडवर्ड गिब्सन यांनी २०२४ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात नेमकी उलट बाजू मांडली आहे: भाषा मुख्यतः संप्रेषणाचे साधन आहे. वाचाघातामुळे, म्हणजे मेंदूच्या इजेने होणाऱ्या भाषेच्या विकारामुळे, ज्यांची वाक्यरचना समजण्याची क्षमता जवळजवळ नाहीशी झाली आहे, असे काही रुग्ण गणिते सोडवू शकतात. तेव्हा विचार भाषेविना चालू शकतो, हे उघड आहे. शिवाय वारंवार लागणारे शब्द आखूड असतात, आणि ३७ भाषांच्या एका अभ्यासात असे आढळले की परस्परसंबंधित शब्द वाक्यात शक्यतो जवळ ठेवले जातात. ही काटकसर ऐकणाऱ्याच्या आणि बोलणाऱ्याच्या सोयीची आहे. जिन्याच्या वाक्याचेही तसेच आहे: ऐकणारा संदर्भावरून अर्थ ठरवतो, म्हणून बोलणाऱ्याला प्रत्येक गोष्ट फोडून सांगावी लागत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. परंतु शब्दाला वगळून कोणतेही ज्ञान होत नाही, असे प्राचीन व्याकरणकार भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात म्हटले आहे. वाचाघाताच्या रुग्णांमुळे ते खोटे ठरते काय?

प्रतिसाद : भाषाशिक्षिका, वाडी

इतक्या सहज नाही. भर्तृहरीच्या विवेचनात कानांना ऐकू येणारी वैखरी ही वाणीची केवळ एक पातळी आहे; तिच्या आत मध्यमा, म्हणजे मनातल्या मनात चालणारी वाणी, आणि पश्यंती, म्हणजे शब्द वेगवेगळे होण्यापूर्वीची अखंड वाणी, आहेत. रुग्णालयातील चाचणी शब्द, वाक्ये आणि त्यांचे आकलन तपासते. पश्यंतीपर्यंत ती पोहोचते असे म्हणता येणार नाही, आणि त्याच कारणाने भर्तृहरीला तिच्या आधारे बरोबरही ठरवता येणार नाही.

समा येथील वाचकांचा काटकसरीचा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणते की एखादी वस्तू कशासाठी उपयोगी पडते आणि ती कशी घडलेली आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. खंडेराव मार्केटमध्ये बोट दाखवून, मान हलवून भाजी घेता येते. तेथे संप्रेषण आहे आणि वाक्यरचना नाही. उलट, रात्री अंथरुणावर उद्याच्या भांडणाची जुळवाजुळव करणाऱ्या माणसाजवळ वाक्ये पुष्कळ असतात, ऐकणारा कोणी नसतो.

प्रतिसाद : विशेष शिक्षक, कारेलीबाग

कर्णबधिर मुलांबरोबर काम करत असल्यामुळे मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या देशाचे उदाहरण येथे मांडावेसे वाटते. तेथे मानाग्वा शहरात १९७७ पासून कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने एका शाळेत येऊ लागली. शिक्षकांचा भर ओठ वाचून स्पॅनिश शिकवण्यावर होता आणि त्यात फारसे यश आले नाही. मुले मात्र घरून आणलेल्या खुणा एकमेकांत वापरू लागली. पुढे लहान वयात दाखल झालेल्या मुलांनी त्याच खुणांना अधिक नियमबद्ध केले: कोणी केले आणि कोणाला केले, हे खूण अवकाशात कोठे केली जाते यावरून दाखवले जाऊ लागले. मोठ्या मुलांच्या हातांत तो नियम इतका पक्का नव्हता. लहानांना जे पाहायला मिळाले त्यापेक्षा त्यांनी घडवलेले अधिक व्यवस्थित होते, म्हणजे रचनेची ओढ मुलाच्या आतून येते, हे शिक्षिकाबाईंचे म्हणणे मला येथे खरे ठरलेले दिसते.

प्रतिसाद : समा येथील वाचक

उदाहरण उत्तम आहे, पण ते अर्धेच वाचले गेले. हीच मुले शाळेपूर्वी आपापल्या घरी होती, रचनेची ओढ तेव्हाही त्यांच्या आत असणार, आणि तरीही घरच्या खुणांची पूर्ण भाषा झाली नाही. ती झाली ती एकमेकांना काही सांगण्याची गरज असलेली मुले एकत्र आल्यावर, आणि त्यांच्यामागून आणखी लहान मुले येत राहिल्यावर. भाषा आणि संप्रेषण वेगळे आहेत हे मी मान्य करतो. पहिली दुसऱ्यावाचून उभी राहते, हे मात्र या उदाहरणावरून सिद्ध होत नाही.